किल्ली घडवताना

नव्या कामाच्या पहिल्याच दिवशी मी सवयीनं कागद पुढे ओढला आणि चौकटी काढायला बसले. सभासद, पुस्तक, प्रत, देवघेव, मागणी. पाच चौकटी, त्यांना जोडणाऱ्या रेघा, रेघांच्या टोकांना 'एक' आणि 'अनेक'च्या खुणा. बारा वर्षं रिलेशनल डेटाबेसवर, म्हणजे माहिती वेगवेगळ्या टेबलांत ठेवून ती क्रमांकांनी जोडणाऱ्या प्रकारावर, काम केल्यावर एवढं करायला विचार करावा लागत नाही, हात आपोआप चालतो.

शेजारची सहकारी थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अगं, चौकटी राहू देत. लोक याला काय काय विचारणार आहेत, ते आधी सांग."

"ते नंतर ठरवू ना. आधी माहिती नीट मांडून घेऊ. प्रश्न काय, कधीही विचारता येतात."

"इथे नाही विचारता येत," ती म्हणाली.

काम होतं ग्रंथालयांच्या देवघेवीचं. अनेक ग्रंथालयं, एकच यंत्रणा, आणि माहिती ठेवायला की-व्हॅल्यू डेटाबेस. निवड माझी नव्हती, पण कारणं पटली होती. माहिती अनेक यंत्रांवर विभागून ठेवायची होती, आणि सभासद शंभर असोत वा दहा लाख, एका माणसाच्या एका प्रश्नाला तेवढाच वेळ लागायला हवा होता. ऑफिसात बोलताना आम्ही 'की'च म्हणतो. पण मराठीत लिहायला बसलं की हा शब्द दर ओळीत उभयान्वयी अव्ययाच्या पायात अडकतो, म्हणून इथे मी किल्ली म्हणणार आहे. एक किल्ली, तिच्यामागे ठेवलेला ऐवज. किल्ली दिली की ऐवज हातात. किल्लीच ठाऊक नसेल, तर एकेक कप्पा उघडून बघत बसायचं, दुसरा मार्ग नाही.

माझी घडण अगदी उलट्या शिस्तीत झाली होती. १९७० साली आयबीएमच्या सॅन होझे इथल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेलचा निबंध लिहिला. त्याच्या पहिल्याच वाक्यात ते म्हणतात, माहिती यंत्राच्या पोटात कशी रचलेली आहे हे जाणून घेण्याची पाळी वापरणाऱ्यावर येऊ नये. त्या काळी ती पाळी येत असे. एका नोंदीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर अशी वाट प्रोग्रामरलाच काढावी लागे. त्या आधीच्या पद्धतीचे डेटाबेस घडवणारे चार्ल्स बाखमन यांना १९७३ साली ट्युरिंग पुरस्कार हा संगणकक्षेत्रातला मोठा सन्मान मिळाला, तेव्हा त्यांनी आपल्या भाषणात प्रोग्रामरला जहाजाचा मार्ग आखणाऱ्या माणसाचीच उपमा दिली होती. कॉड यांनी मार्ग आखण्याचं ते काम प्रोग्रामरच्या डोक्यावरून उतरवलं आणि डेटाबेसवर सोपवलं. काय हवं तेवढं सांगा, कसं आणायचं ते डेटाबेस बघेल.

मी या विचारावर वाढले. एक गोष्ट एकाच जागी लिहायची, हा त्यातला पहिला धडा. पुस्तकाचं नाव पुस्तकाच्या टेबलात, सभासदाचा फोन सभासदाच्या टेबलात, बाकी सगळीकडे फक्त क्रमांक. तीच गोष्ट दोनदा लिहिलेली दिसली तर मला चैन पडत नसे. आज जे खरं आहे ते नेटकं लिहून ठेवावं, आणि उद्या येणाऱ्या अनोळखी प्रश्नांसाठी जॉइन, म्हणजे टेबलं ऐनवेळी एकमेकांना जोडून उत्तर काढण्याची सोय, आहेच, हा भरवसा मनात इतका खोल गेलेला होता की तो भरवसा आहे, हेही जाणवत नसे.

नव्या कामात पहिला आठवडा मी कागदावर फक्त प्रश्न लिहीत होते. या सभासदाकडे सध्या कोणती पुस्तकं आहेत? ही प्रत आत्ता कुणाकडे आहे? आज कुणाची मुदत संपते? या पुस्तकासाठी रांगेत पुढचं कोण? अशा चौदा ओळी झाल्या. देवघेवीच्या टेबलापाशी मी दोन दिवस नुसती बसून राहिले, तेव्हा त्यातल्या चार सापडल्या, एरवी सुटल्या असत्या. एक उदाहरण सांगते. सभासद पुस्तक परत करतो तेव्हा तिथला माणूस सभासदाचं नाव विचारत नाही. पुस्तक हातात घेतो आणि मलपृष्ठाच्या आतला दाखल क्रमांक वाचतो. म्हणजे परतीचा प्रश्न प्रतीपासून सुरू होतो, सभासदापासून नाही. रिलेशनल पद्धतीत याचा मी विचारही केला नसता, कारण देवघेवीच्या टेबलात दोन्ही क्रमांक असतात, कुठूनही शिरा.

ॲमेझॉननं डायनॅमो या आपल्या की-व्हॅल्यू यंत्रणेवरचा निबंध २००७ साली प्रसिद्ध केला. ती बांधण्याआधी त्यांनी आपल्याच रिलेशनल डेटाबेसांचा वापर तपासला होता. सुमारे ७० टक्के कामं प्रायमरी की, म्हणजे ओळीची ओळख पटवणारा क्रमांक, देऊन एकच ओळ आणण्याची निघाली. आणखी २० टक्क्यांत ओळी अनेक, पण टेबल एकच. मी माझ्या आधीच्या एका यंत्रणेचं क्वेरी लॉग, म्हणजे तिला विचारलेल्या प्रश्नांची नोंद, आठवून पाहिलं, तेव्हा 'अमुक क्रमांकाची नोंद आण' हीच ओळ डोळ्यांपुढे पुन्हा पुन्हा येत राहिली. वाटेल तो प्रश्न विचारण्याचं स्वातंत्र्य मी वर्षानुवर्षं जपलं होतं, आणि ते वापरलं होतं फार थोड्या वेळा. पण ज्या थोड्या वेळा वापरलं, त्या वेळा महत्त्वाच्या होत्या. त्याकडे मी शेवटी येते.

आमचा डेटाबेस किल्ल्या क्रमानं लावून ठेवणारा होता, आणि सगळी कला त्या क्रमात होती. एकच किल्ली मागता येते तशी 'इथपासून इथपर्यंतच्या सगळ्या' अशीही मागणी करता येते. हे मला खऱ्या अर्थानं उमगलं ते गूगलच्या बिगटेबल या डेटाबेसवरच्या २००६ सालच्या निबंधातल्या एका छोट्या युक्तीमुळे. तिथे वेबपानांच्या किल्लीत संकेतस्थळाचं नाव उलटं लिहितात, 'कॉम' आधी आणि यंत्राचं नाव शेवटी. त्यामुळे एकाच संस्थेची सगळी पानं आपोआप शेजारी शेजारी येऊन बसतात. काहीही जोडलेलं नाही, कसलंही नातं जाहीर केलेलं नाही, नाव फक्त कोणत्या टोकापासून वाचायचं तेवढं बदललं. नात्यांसाठी रेघा काढणारी मी, नातं शेजारातूनही सांगता येतं हे त्या दिवशी शिकले.

मग आमची पहिली किल्ली घडली. सभासदाकडची पुस्तकं:

सभासद/००४१७/उसनी/२०२३-०८-१४/ब१९०२

प्रत्यक्षात ती रोमन अक्षरांत होती. युटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात, आणि किल्ली तर प्रत्येक नोंदीबरोबर साठवली जाते, म्हणून तिथे काटकसर केली होती. आता ही किल्ली डावीकडून वाचा. कोणत्या प्रकारची गोष्ट, कुणाची, त्याच्याकडची कोणती यादी, कोणत्या तारखेपासून, आणि शेवटी प्रतीचा दाखल क्रमांक. 'सभासद/००४१७/उसनी/' एवढ्यानं सुरू होणाऱ्या सगळ्या किल्ल्या मागितल्या की सभासदाच्या हातातली सगळी पुस्तकं येतात, तीही नेलेल्या तारखेच्या क्रमानं. ना शोध, ना जॉइन, ना नंतर क्रम लावणं. प्रश्न किल्लीच्या आत बसवलेला आहे.

त्या क्रमांकाआधीची दोन शून्यं बघा. डेटाबेसला आकडे कळत नाहीत, त्याला बाइट कळतात. त्याच्या लेखी १० हे ९ च्या आधी येतं, कारण एकाचं चिन्ह नवाच्या चिन्हाआधी आहे. म्हणून सगळे क्रमांक एकाच लांबीचे करून घ्यायचे. तारीख वर्ष, महिना, दिवस अशीच लिहायची, दिवस आधी लिहिला तर सगळ्या महिन्यांच्या पहिल्या तारखा एका ठिकाणी गोळा होतात. आणि शेवटच्या तिरक्या रेघेला विसरायचं नाही. आमच्या पहिल्या चाचणीच्या वेळी क्रमांकांना शून्यं लावलेली नव्हती आणि मी मागताना शेवटची रेघ गाळली. ४१ क्रमांकाच्या सभासदाच्या यादीत ४१७ क्रमांकाच्या सभासदाची पुस्तकं दिसायला लागली. चाचणी होती म्हणून निभावलं. माणसाच्या वाचनाची यादी ही त्याची खाजगी बाब आहे, ती एका रेघेच्या भरवशावर असते, हे तेव्हा मला फार लागलं.

परतीच्या प्रश्नासाठी दुसरी किल्ली, 'प्रत/ब१९०२/सध्या', आणि तिच्यामागे सभासदाचा क्रमांक. मुदतीच्या प्रश्नासाठी तिसरी, ग्रंथालय आधी आणि मुदतीची तारीख नंतर. नुसती तारीख आधी ठेवली असती तर एका दिवसाच्या सगळ्या ग्रंथालयांच्या नोंदी एकाच यंत्रावर जाऊन आदळल्या असत्या, आणि बाकीची यंत्रं रिकामी बसली असती.

म्हणजे एक पुस्तक नेण्याची एक घटना, आणि तिच्या तीन नोंदी. शिवाय यादी दाखवताना दर पुस्तकासाठी पुन्हा फेरी नको म्हणून पुस्तकाचं नाव उसनवारीच्या नोंदीत उतरवून ठेवलेलं. ते लिहिताना मला अपराध्यासारखं वाटत होतं. एकच नाव हजार जागी! उद्या नावात चूक सापडली तर?

उद्या खरंच चूक सापडली. एका पुस्तकाच्या नावातली वेलांटी चुकलेली होती. रिलेशनल असतं तर एक ओळ बदलून मोकळी झाले असते. इथे ते नाव जिथे जिथे उतरलं होतं त्या जागा शोधाव्या लागल्या, आणि त्या निमित्तानं मला प्रत्येक जागेला एक प्रश्न विचारावा लागला, जो मी आधी कधीच विचारला नव्हता. ही नक्कल आजची आहे, की त्या दिवसाची?

सभासदाच्या हातात आत्ता असलेल्या पुस्तकाचं नाव ही आजची नक्कल. मूळ बदललं की तिनं बदललंच पाहिजे, आणि ते बदलण्याची जबाबदारी माझी. पण पाच महिन्यांपूर्वी छापून दिलेल्या पावतीवरचं नाव? ते त्या दिवशी जसं होतं तसंच राहायला हवं. ती नक्कल नाहीच मुळी, ती घडलेल्या गोष्टीची नोंद आहे.

हे लक्षात आलं आणि मला जुन्या नोकरीतली एक सकाळ आठवली. तिथली यंत्रणा मी स्वतः काटेकोर नॉर्मलाइझ केलेली होती, म्हणजे कोणतीही गोष्ट दोनदा लिहिलेली नव्हती. वस्तू किती दिवसांसाठी उसनी द्यायची, हा नियम एकाच टेबलात एकाच ओळीत होता, आणि मला त्याचा अभिमान होता. एके दिवशी नियम १४ दिवसांवरून २१ दिवसांवर गेला. ओळ बदलली. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या सगळ्या महिन्यांचे उशिराचे अहवाल बदललेले. उशिरा परत आलेल्या वस्तू आता वेळेवर आलेल्या दिसत होत्या, कारण मुदत कुठेच लिहिलेली नव्हती, दर वेळी आजच्या नियमावरून मोजली जात होती. मी द्विरुक्ती काढायला गेले आणि तिच्याबरोबर इतिहासही पुसला गेला. याचा दोष कॉड यांच्या विचाराला देता येणार नाही. त्या दिवशीची मुदत ही स्वतंत्र गोष्ट आहे, तिला स्वतंत्र रकाना हवा, हे रिलेशनल पद्धतीतही सांगता येतंच. मला ते दिसलं नव्हतं. कारण एकसारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी म्हणजे एकच गोष्ट, असं माझ्या हाताला वळण लागलं होतं. की-व्हॅल्यूच्या कामात प्रत्येक नकलेची किंमत हातानं मोजावी लागली, तेव्हा कुठे मी नकलांकडे नीट बघायला लागले.

तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक किल्लीपुढे दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: हिच्यातलं काय आजचं, आणि काय त्या दिवसाचं. आजचं जे असेल, त्याच्यापुढे ते कोण बदलतं आणि केव्हा, हेही.

आता अक्षरांबद्दल, कारण इथे मला सर्वांत जास्त शिकायला मिळालं. पुस्तकांची नावावरून यादी हवी होती. किल्लीत नाव घातलं, यादी आली, आणि ग्रंथपालांनी एका नजरेत सांगितलं, "क्रम चुकलाय. 'काळ'ची पुस्तकं 'काव'च्या आधी कशी?"

मी वर्णमाला मनात म्हणून पाहिली. य, र, ल, व, श, ष, स, ह, ळ. बरोबर होतं त्यांचं. मराठीत ळ येतो ह नंतर. पण युनिकोडच्या, म्हणजे संगणकातल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या, तक्त्यात ळ बसलाय ल च्या शेजारी, व च्या आधी. डेटाबेस बाइटांच्या क्रमानं लावतो, त्यामुळे त्याच्या यादीत 'काळोख' आधी आणि 'कावळा' नंतर. क्ष चं तर त्याहून वेगळं. आपल्या वर्णमालेत तो अगदी शेवटाकडे, पण साठवताना तो क, हलन्त आणि ष अशा तीन चिन्हांचा असतो, म्हणून 'क्षितिज' जाऊन पडतं 'खडक'च्या आधी. रिलेशनल डेटाबेसमध्ये यासाठी कोलेशन नावाची सोय असते. मराठीचं योग्य कोलेशन निवडलं की क्रम जुळतो, आणि आपण त्याचा पुन्हा विचार करत नाही. इथे ते काम माझं. नावातल्या प्रत्येक अक्षराला वर्णमालेतलं त्याचं स्थान देणारा तक्ता केला, किल्लीत त्या स्थानांचे आकडे घातले, आणि खरं नाव ऐवजात ठेवलं.

क्रम सुटला, तरी एक पुस्तक सापडेना. नाव सुरू होत होतं 'ताऱ्यांचे' या शब्दानं. यादीत डोळ्यांना दिसत होतं, शोधलं की मिळत नव्हतं. दोन्हीकडचे बाइट शेजारी शेजारी छापून पाहिले तेव्हा उलगडा झाला. आपला हा 'ऱ्या' संगणकात एकाहून जास्त प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात नुक्ता असलेल्या ऱ साठी एकच चिन्ह असतं. दुसऱ्यात साधा र आणि वेगळा नुक्ता. तिसऱ्यात साधा र, हलन्त, आणि मग जोड दाखवणारं एक अदृश्य चिन्ह. पडद्यावर तिन्ही वेळा तोच कोयत्यासारखा वाकडा र. पहिल्या दोहोंना युनिकोडचं नॉर्मलायझेशन एकरूप करतं, पण तिसऱ्याला ते हात लावत नाही. ज्यानं पुस्तकाची नोंद केली त्याच्या कीबोर्डनं तिसरा प्रकार लिहिला होता, आणि शोधणाऱ्याच्या कीबोर्डनं पहिला. किल्ली जुळायची तर शेवटच्या बाइटापर्यंत जुळावी लागते, त्यामुळे डेटाबेसच्या लेखी ते पुस्तक नव्हतंच. आम्ही किल्ली बनवण्याआधी तिन्ही प्रकार एका रूपात आणणारी पायरी घातली. मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे: माणसानं टाइप केलेला मजकूर जसाच्या तसा किल्लीत घालू नका.

ऐवजाच्या रचनेबद्दल फार लिहीत नाही. तिथे काय ठेवलंय हे डेटाबेस बघत नाही, त्यामुळे रकाने कोडमध्येच राहतात, आणि जुन्या रचनेच्या नोंदी नव्या कोडला वाचता आल्या पाहिजेत. प्रत्येक ऐवजात आवृत्तीचा आकडा ठेवला आणि वाचताना जुनं नव्यात बदलून घेतलं, एवढं पुरलं.

जास्त अवघड गेलं ते एकवाक्यता राखणं. पुस्तक परत येतं तेव्हा सभासदाच्या यादीतली नोंद जायला हवी, प्रतीची 'सध्या' नोंद जायला हवी, मुदतीची जायला हवी. सुरुवातीला आम्ही या तीन गोष्टी एकामागून एक करत होतो. एकदा दुसरी झाल्यावर प्रक्रिया बंद पडली. प्रत कपाटात, सभासदाची यादी रिकामी, पण मुदतीच्या यादीत पुस्तक तसंच. पंधरा दिवसांनी त्या सभासदाला 'पुस्तक परत करा' असा संदेश गेला. ते काउंटरवर आले, शांतपणे म्हणाले, "मी आणून दिलंय हो." त्यांचा काहीही दोष नसताना त्यांना ते सिद्ध करायला यावं लागलं, याची मला आजही खंत आहे. त्यानंतर तिन्ही बदल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधले, सगळे होतील नाहीतर एकही होणार नाही. अशी सोय आज पुष्कळ की-व्हॅल्यू डेटाबेसांत आहे. ॲमेझॉनचा डायनॅमोडीबी २०१२ साली आला आणि त्यात ट्रान्झॅक्शन आली २०१८ साली. मधली वर्षं ज्यांनी त्यावर कामं केली, त्यांनी हे सगळं हातानं सांभाळलं असणार. शेवटची प्रत दोघांना एकाच क्षणी दिली जाऊ नये म्हणून अट घालून लिहिणं आलं: 'सध्या'ची किल्ली अस्तित्वात नसेल तरच लिही. दोघांपैकी एकाचं लिहिणं नाकारलं जातं, आणि ते नाकारलं जाणं हाच योग्य निकाल असतो.

याच सुमारास रिलेशनल डेटाबेसच्या आत काय चालतं ते वाचायला घेतलं. इतकी वर्षं वापरलं, पण झाकण कधी उघडलं नव्हतं. एसक्यूलाइट या छोट्या रिलेशनल डेटाबेसमध्ये साधं टेबल म्हणजे एक बी-ट्री, किल्ल्या क्रमानं लावून ठेवणारी झाडासारखी रचना, असतं, त्यात ओळीचा क्रमांक ही किल्ली आणि ओळ हा ऐवज. शोध लवकर लागावा म्हणून ठेवलेला इंडेक्स म्हणजे आणखी एक बी-ट्री, त्यात रकान्याचं मूल्य आधी आणि ओळीचा क्रमांक नंतर. कॉक्रोचडीबीसारख्या डेटाबेसमध्ये तर वर एसक्यूएल, ही रिलेशनल डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा, आणि खाली उघडपणे क्रमवार किल्ल्या, त्या किल्ल्यांत टेबलाचा क्रमांक, इंडेक्सचा क्रमांक आणि मग मूल्यं. वाचताना मी थांबले. आमची 'सभासद/००४१७/उसनी' आणि ही रचना, दोन्ही एकच होत्या. 'क्रिएट इंडेक्स' अशी एक ओळ मी शेकडो वेळा लिहिली होती. त्या ओळीमागे कुणीतरी दुसरी नक्कल ठेवत होतं, प्रत्येक बदलाबरोबर ती बदलत होतं, मधेच वीज गेली तर दोन्ही पूर्ववत करत होतं, आकडे नीट क्रमात येतील असे बाइट बनवत होतं. वर्षभर मी जे हातानं केलं आणि ज्यात चार वेळा चुकले, ते त्या इंजिनानं इतकी वर्षं माझ्यासाठी न चुकता केलं होतं. मन कृतज्ञतेनं भरून आलं, असं लिहिलं तर कुणाला जास्त वाटेल, पण तसंच झालं.

मग तो प्रश्न आला. यंत्रणा चालू होऊन दीड वर्ष झालं होतं. ग्रंथपालांनी विचारलं, "जागा कमी पडतेय. दाखल झाल्यापासून एकदाही बाहेर न गेलेली पुस्तकं कोणती, तेवढी यादी मिळेल?"

माझ्या चौदा प्रश्नांत हा नव्हता. एसक्यूएलमध्ये एक 'नॉट एक्झिस्ट्स', म्हणजे 'अशी नोंद नसेल ते', लिहून पाच मिनिटांत उत्तर दिलं असतं. मी आमच्या किल्ल्यांची यादी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. जे घडलं त्या प्रत्येक गोष्टीला किल्ली होती. जे घडलंच नाही, त्याला किल्ली नव्हती, आणि ज्याला किल्ली नाही ते विचारता येत नाही. न वाचलेलं पुस्तक आमच्या यंत्रणेत कुठेच नव्हतं. दाखल होताना त्याची एक नोंद झाली होती, त्यानंतर त्याच्याबद्दल कुणी काही लिहिलं नव्हतं.

"लगेच नाही मिळणार, सर," मी सांगितलं. "चार दिवस द्या."

नवी किल्ली घडवली: ग्रंथालय, मग 'शेवटचं', मग प्रत शेवटची बाहेर गेली ती तारीख, मग दाखल क्रमांक. जी प्रत कधी गेलीच नाही, तिच्या तारखेच्या जागी सगळी शून्यं, म्हणजे ती आपोआप यादीच्या डोक्यावर येईल. पुस्तक बाहेर जाईल तेव्हा जुनी किल्ली काढून नवी लिहायची, तीही त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये. पुढच्यासाठी एवढं पुरेसं होतं. मागच्या दीड वर्षासाठी मात्र प्रत्येक प्रतीची प्रत्येक जुनी देवघेव वाचून किल्ल्या भराव्या लागणार होत्या. चालू कामाला धक्का लागू नये म्हणून तो प्रोग्राम रात्री, थांबत थांबत चालवला. मधे कुणी पुस्तक नेलं तर त्याची ताजी तारीख जुनीनं झाकली जाऊ नये, म्हणून तिथेही अट घातली. तीन रात्री लागल्या.

चौथ्या दिवशी सकाळी ग्रंथपाल माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसले. मी त्यांच्या ग्रंथालयाच्या 'शेवटचं/' पासूनच्या पहिल्या वीस किल्ल्या मागितल्या. शून्यांच्या वीस ओळी पडद्यावर उतरल्या. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे मीच मागवलं होतं," ते म्हणाले, आणि कपाटाकडे निघाले.